तास-चिठ्ठ्यांचा दुष्काळ : वॉशिंग्टन येथील एका बालसंगोपन सहकारी मंडळाच्या इतिहासाचीं दोन साधनें

(१) विषयप्रवेश

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, ताळेबंद, वंशावळी, नाणीं व शिलालेख हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या कागदावर कोणा राजाचा शिक्का नाहीं, ज्यास कोणत्याहि सरकारची मान्यता नाहीं, आणि ज्याची किंमत अर्ध्या तासापलीकडे नाहीं, असा कागद दप्तरांत जपून ठेवावा असें संग्राहकांस सहसा वाटत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय असेच कागद आहेत.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें, ज्या टेकडीवर काँग्रेसचें सभागृह उभें आहे त्या कॅपिटॉल हिलच्या परिसरांतील कांहीं कुटुंबांनीं इ. स. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस परस्परांचीं मुलें सांभाळण्यासाठीं एक सहकारी मंडळ स्थापन केलें. संध्याकाळीं एक दांपत्य बाहेर जाणार असेल तर दुसऱ्यानें त्याच्या मुलांजवळ येऊन बसावें, आणि कोणी कोणाचें किती तास देणें लागतो याचा हिशेब राहावा म्हणून मंडळानें स्वतःच्या चिठ्ठ्या काढाव्या, अशी योजना होती. पुढें या चिठ्ठ्यांचा दुष्काळ पडला. त्यानंतर त्यांचा अतोनात सुकाळ झाला. आणि दोन्ही प्रसंगीं मंडळाचें काम अडलें. ही हकीकत आज देशोदेशीं अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस दृष्टांत म्हणून सांगतात. ती जशी सांगितली जाते तशीच घडली काय, आणि अशा मंडळाच्या चालकांनीं तिच्यापासून काय घ्यावें, हे दोन प्रश्न आम्ही येथें विचारासाठीं घेतले आहेत.

(२) साधनांची छाननी

या प्रकरणाचीं मुख्य साधनें दोन. पहिलें साधन म्हणजे जोन स्वीनी व रिचर्ड स्वीनी यांनीं लिहिलेला, 'जर्नल ऑफ मनी, क्रेडिट अँड बँकिंग' या नियतकालिकांत इ. स. १९७७ मध्यें छापलेला लेख. तो अवघा चार पृष्ठांचा आहे. चलनशास्त्र आणि या मंडळावरील 'महान संकट' असें त्याचें अर्धे थट्टेचें, अर्धे गंभीर शीर्षक आहे. लेखकद्वय स्वतः मंडळाचे सभासद होते. जें त्यांनीं लिहिलें तें त्यांच्या घरीं, त्यांच्या चिठ्ठ्यांच्या बाबतींत घडलेलें होतें. सबब या लेखास अस्सल पत्राची नव्हे तरी प्रत्यक्षदर्शी माणसाच्या जबानीची योग्यता देणें प्राप्त आहे.

दुसरें साधन म्हणजे पॉल क्रुगमन या अर्थशास्त्रज्ञाचें लेखन. यास इ. स. २००८ मध्यें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. यानें स्वीनींची हकीकत आपल्या 'पेडलिंग प्रॉस्पेरिटी' (इ. स. १९९४) या ग्रंथांत घेतली, इ. स. १९९८ मधील एका लेखांत ती विस्तारानें पुन्हां सांगितली, आणि इ. स. १९९९ मधील 'द रिटर्न ऑफ डिप्रेशन इकॉनॉमिक्स' या ग्रंथांतहि तिचा उपयोग केला. चार पृष्ठांचा मूळ लेख फारच थोड्यांनीं वाचला होता. क्रुगमनच्या लेखणीनें ती हकीकत सर्वतोमुखीं झाली.

कै. राजवाडे यांनीं इ. स. १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून अस्सल कागद व बखर यांतील भेद आपल्या मंडळींच्या अंगवळणीं पडला आहे. बखर खोटीच असते असें नाहीं. परंतु ती घटनेनंतर, कांहीं एक हेतु मनांत धरून, ऐकणाऱ्याचें मन राखील अशा बेतानें लिहिलेली असते. क्रुगमनचें कथन हें या अर्थानें उत्तम प्रतीची बखर आहे. तिचा मान राखूनच ती मूळ जबानीशीं ताडून पाहिली पाहिजे.

(३) पूर्वपीठिका

मुलांचा सांभाळ आईबापांवांचून इतरांनीं संस्थारूपानें करावा, ही रीति युरोपांत कारखान्यांच्या मागोमाग वाढली. स्कॉटलंडांतील न्यू लॅनार्क येथें रॉबर्ट ओवेन यानें सूतगिरणीच्या मजुरांसाठीं इ. स. १८१६ च्या आरंभीं जी शाळा उघडली, तींत नुकतीं चालूं लागलेलीं मुलेंहि घेतलीं जात. पॅरिस येथें फिर्मां मार्बो यानें इ. स. १८४४ मध्यें कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठीं पाळणाघर स्थापिलें. या दोन्ही संस्था उपकाराच्या होत. देणारा एका बाजूस, घेणारा दुसऱ्या बाजूस. उलट, इ. स. १९१६ मध्यें शिकागो विश्वविद्यालयांतील प्राध्यापकांच्या पत्नींनीं जी बालशाळा काढली, तिच्यांत आयाच मालक व आयाच कामकरी होत्या. कॅपिटॉल हिलचें मंडळ या दुसऱ्या कुळींतलें.

आपल्या देशांतहि अहमदाबाद येथें इ. स. १९७२ मध्यें स्थापन झालेल्या 'सेवा' या श्रमजीवी स्त्रियांच्या संघटनेंतून पुढें बालसेवेच्या सहकारी मंडळ्या निघाल्या. परंतु त्यांत मुलें सांभाळणाऱ्या स्त्रिया स्वतः सभासद असून मोबदला रुपयांत मिळतो. कॅपिटॉल हिल येथें रुपया किंवा डॉलर यांचा संबंध नव्हता. तासाच्या बदल्यांत तास, एवढाच व्यवहार होता.

तासांचें चलन हीहि कल्पना नवी नव्हती. योगायोग असा कीं, ज्या ओवेननें मुलांची शाळा काढली, त्यानेंच लंडन येथें इ. स. १८३२ मध्यें एक श्रमविनिमय-गृह उघडलें. कारागिरानें तेथें माल आणून द्यावा, मालांत खर्ची पडलेले श्रम तासांत मोजावे, व तितक्या तासांच्या नोटा त्यास मिळाव्या, असा तेथील नियम. तासाचा दर सहा पेन्स धरला होता. विकाऊ माल त्वरित उचलला जाई व न खपणारा पडून राही, इ. स. १८३४ मध्यें तें गृह बंद पडलें. त्या नोटांचे नमुने आजहि संग्रहालयांत जपलेले आढळतात. ओवेनच्या नोटेमागें माल होता, आणि मालाची किंमत ठरवितांना घोटाळा झाला. कॅपिटॉल हिलच्या चिठ्ठीमागें मालच नव्हता. दुसऱ्या सभासदाची एक संध्याकाळ, एवढेंच तिचें तारण होतें.

(४) मंडळाची घटना

मंडळाची चिठ्ठी अर्ध्या तासाची असे. नवीन दांपत्य मंडळांत आलें म्हणजे त्यास वीस तासांच्या, म्हणजे चाळीस, चिठ्ठ्या मिळत. सोडून जातांना तितक्याच परत कराव्या लागत. बाहेर जाणारें दांपत्य मुलांजवळ बसणाऱ्यास जितका वेळ तितक्या चिठ्ठ्या देई. ज्यास गरज असेल त्यानें त्या महिन्याच्या चिटणिसास कळवावें व चिटणिसानें बसणारा शोधून द्यावा, अशी व्यवस्था होती. चिटणिसास या कामाबद्दल चिठ्ठ्याच मिळत, आणि त्यासाठीं सभासदांकडून वर्गणीहि चिठ्ठ्यांतच घेतली जाई.

आपल्या खेड्यांतील सावडीशीं ही पद्धति ताडून पाहण्यासारखी आहे. आज तुझे बैल माझ्या शेतांत, उद्यां माझे तुझ्या शेतांत, असा सावडीचा व्यवहार. त्यास कागद लागत नाहीं, कारण सावडकरी चारदोन असतात, एकमेकांस ओळखतात, व फेड त्याच हंगामांत होते. परंतु क्रुगमन सांगतो त्याप्रमाणें सुमारें दीडशें दांपत्यें एका मंडळांत असलीं, तर स्मरणावर हिशेब चालत नाहीं. सोमवारीं मी ज्याच्या घरीं बसलों तो शुक्रवारीं मोकळा असेलच असें नाहीं. मला तिसऱ्याकडून फेड घेतां आली पाहिजे. चिठ्ठीनें ही सोय झाली. ती एक प्रकारची हुंडीच होय. मात्र हुंडीवर जिच्यावर ती काढली त्या पेढीचें नांव असतें, आणि ही चिठ्ठी मंडळांतील सर्वांवर मिळून काढलेली असते. सर्वांवर काढलेली हुंडी सकारण्यास कोणीच एकटा बांधलेला नसतो. पुढील सर्व अनर्थाचें बीज येथें आहे.

(५) दुष्काळ

वर्गणीची वसुली व तिचा खर्च यांत मेळ न राहिल्यामुळें सभासदांच्या हातीं फिरणाऱ्या चिठ्ठ्या हळूहळू कमी झाल्या. त्याचा परिणाम पाहावा. एखाद्या दांपत्यास पुढील दोनतीन संध्याकाळींची तरतूद म्हणून वीसपंचवीस चिठ्ठ्या शिलकी असाव्या असें वाटतें. शिल्लक कमी होतांच तें दांपत्य बाहेर जाणें लांबणीवर टाकतें व प्रथम कोणाच्या तरी घरीं बसून चिठ्ठ्या मिळवूं पाहतें. परंतु दुसरें दांपत्य बाहेर गेल्याखेरीज पहिल्यास बसण्यास घर मिळत नाहीं. सर्वच शिल्लक वाढवूं लागले म्हणजे सर्वच घरीं राहतात. घरीं राहिले म्हणजे कोणासच कांहीं मिळत नाहीं. आणि मिळत नाहीं म्हणून जवळची चिठ्ठी सोडवत नाहीं. एकाची काटकसर हा शहाणपणा; सर्वांची मिळून काटकसर हें दारिद्र्य. मुलें होतीं, बसण्यास तयार माणसें होतीं, बाहेर जाण्याची इच्छाहि होती; उणीव होती ती फक्त कागदाच्या तुकड्यांची.

बाजारांत अशा वेळीं भाव हलतो. चिठ्ठी दुर्मिळ झाली तर एका चिठ्ठीस पाऊण तास बसण्यास लोक तयार होतील व थोड्या चिठ्ठ्यांत जास्त काम होईल. येथें तें शक्य नव्हतें. अर्ध्या तासास एक चिठ्ठी हा दर मंडळानें कायम केला होता, आणि तो तसा असण्यांतच मंडळाचा समभाव होता. एकाचा तास दुसऱ्याच्या तासाहून हलका नाहीं, हें तत्त्व सोडलें तर सहकार सोडल्यासारखेंच झालें असतें. भाव हलत नसेल तेथें चिठ्ठ्यांच्या संख्येवर लक्ष ठेवणें हें चालकांचें कर्तव्य होतें. तें त्यांस उमगलें नाहीं.

(६) एक महत्त्वाचा पाठभेद

चालकांनीं पहिला उपाय केला तो नियमाचा. येथें दोन्ही साधनांत मोठा पाठभेद आहे. स्वीनींच्या लेखाप्रमाणें, प्रत्येकानें सहा महिन्यांतून निदान एकदां बाहेर गेलेंच पाहिजे असा नियम झाला. क्रुगमनच्या कथनांत तोच नियम महिन्यांतून निदान दोनदां असा येतो.

हा फरक लहान नाहीं. दीडशें दांपत्यें धरल्यास पहिल्या पाठाप्रमाणें महिन्यास सरासरी पंचवीस फेऱ्या सक्तीच्या होतात. दुसऱ्या पाठाप्रमाणें तीनशें. म्हणजे बारापट अंतर पडतें. आमच्या मतें स्वीनींचा पाठ ग्राह्य आहे. एक तर ते स्वतः त्या नियमाखालीं राहिले होते. दुसरें असें कीं, त्यांनीं नियमामागील मनोवृत्तीहि सांगितली आहे : कांहीं सभासद अंग चोरतात, समाजधर्म पाळीत नाहींत, त्यांच्या दुर्वर्तनानें मंडळ बुडत आहे, अशी समजूत होती, व त्यांची वर्तणूक सुधारावी म्हणून नियम केला. सहा महिन्यांची मुदत या समजुतीशीं नीट जुळते. ती चारदोन घरकोंबड्यांस दिलेली ताकीद दिसते. महिन्यांतून दोनदां हा पाठ घेतला तर ती सर्वांवर बसविलेली वेठ होते, आणि मग अंगचोरांविषयींच्या तक्रारीस अर्थ राहत नाहीं.

बखरकारास मात्र दुसरा पाठ सोयीचा होता. चालकांनीं हुकुमानें भरभराट आणूं पाहिली, हें त्यास दाखवावयाचें होतें. हुकूम जितका कडक तितका दृष्टांत ठसठशीत. सभासदांपैकीं बहुतेक वकील होते म्हणून त्यांस हा चलनाचा प्रश्न आहे हें पटविणें कठीण गेलें, असेंहि तो मिस्किलपणें सांगतो.

या पाठभेदावर आम्ही इतका भर देतों याचें कारण असें : अस्सल पाठावरून जें दिसतें तें बखरींत झांकलें जातें. मंडळानें आपल्याच शेजाऱ्यांस दोषी ठरविलें. जो सभासद घरीं बसला होता त्याचा अपराध एवढाच कीं, त्याच्यापाशीं चिठ्ठ्या नव्हत्या, अथवा होत्या त्या जपाव्या लागत होत्या. ज्याच्या हातीं आपण आपलें मूल देतों त्याच्या नीतीविषयीं संशय घेणें, ही अशा मंडळांत सर्वांत मोठी हानि होय. चिठ्ठ्यांचा तुटवडा छापखान्यांत भरून निघतो, ही तूट तशी निघत नाहीं.

(७) सुकाळ व त्याचें कारण

अखेरीस खरा उपाय झाला. नवीन दांपत्यास तीस तासांच्या चिठ्ठ्या द्याव्या व जातांना वीस तासांच्याच परत घ्याव्या, असें ठरलें. चिठ्ठ्या वाढल्या, लोक बाहेर पडूं लागले, बसणाऱ्यांस घरें मिळूं लागलीं, आणि शेजारीपाजारी एका रात्रींत सज्जन झाले.

परंतु या नियमांतच दुसऱ्या व्याधीचें मूळ होतें. एक दांपत्य येऊन गेलें कीं दहा तासांच्या, म्हणजे वीस, चिठ्ठ्या मागें राहत. दहा दांपत्यें आलीं व गेलीं तर दोनशें. सभासदसंख्या आहे तेवढीच राहिली तरी चिठ्ठ्या वाढतच जाणार. एकदां द्यावयाचें औषध रोजच्या अन्नांत कालविल्यासारखें हें झालें. पुढें चिठ्ठ्या इतक्या झाल्या कीं प्रत्येकापाशीं त्यांचा सांठा, प्रत्येकास बाहेर जावयाचें, आणि बसण्यास कोणी मिळेना. पूर्वीं घर मिळत नसे, आतां माणूस मिळेना. चिटणिसाचें काम दोन्ही वेळां तितकेंच कठीण.

(८) प्रक्षिप्त भाग

इ. स. १९९८ पासूनच्या कथनांत क्रुगमननें आणखी कांहीं भर घातली. हिवाळ्यांत लोक बाहेर पडत नाहींत व उन्हाळ्यासाठीं चिठ्ठ्या सांठवितात. मंडळ त्या उसन्या देतें व व्याज घेतें. व्याज शून्यावर आणूनहि लोक खर्च करीत नाहींत. म्हणून सांठविलेली चिठ्ठी काळाबरोबर झिजत जावी. हें सर्व जपानची तत्कालीन मंदी समजावून देण्यासाठीं रचलेलें आहे. क्रुगमन स्वतः हा भाग कल्पना करा असें म्हणूनच सांगतो, त्यामुळें त्याच्याकडे दोष जात नाहीं. परंतु तिसऱ्या व चौथ्या हाताच्या कथनांत तें 'कल्पना करा' गळून पडतें, आणि कॅपिटॉल हिलवर चिठ्ठ्यांची पेढी व व्याज होतें असा समज पसरतो. स्वीनींच्या लेखांतील मंडळ व क्रुगमनच्या दृष्टांतांतील मंडळ हीं दोन वेगळीं समजून चालावें.

(९) चालकांसाठीं निष्कर्ष

असें मंडळ काढणाऱ्यांस या इतिहासापासून पुढील गोष्टी घेतां येतील. पहिली : चारदोन घरें असतील तोंवर सावडीचीच रीत बरी, चिठ्ठी काढावी ती ओळख व स्मरण पुरेनासें झाल्यावर. दुसरी : येतांना दिलेलें व जातांना घेतलेलें सारखें असावें, आणि त्यांत फरक करणें झाल्यास त्यास मुदत घालावी. तिसरी : वर्गणीच्या चिठ्ठ्या तिजोरींत पडून राहूं नयेत; जितक्या जमा तितक्या चिटणिसाच्या व इतर कामाच्या मोबदल्यांत पुन्हां फिराव्या. चौथी : दरमहा तीन आंकडे टिपावे, एकूण चिठ्ठ्या किती फिरत आहेत, बसणारा न मिळालेलीं घरें किती, आणि घर न मिळालेले बसणारे किती. घर न मिळालेले बसणारे वाढले तर चिठ्ठ्या कमी आहेत. बसणारा न मिळालेलीं घरें वाढलीं तर त्या जास्त आहेत. पांचवी, व आमच्या मतें मुख्य : हे आंकडे पाहिल्याखेरीज कोणाहि सभासदाच्या नीतीविषयीं ठराव करूं नये.

एक गोष्ट दोन्ही साधनांत जवळजवळ नाहीं, ती म्हणजे मूल. ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तें झोपलें कीं रडलें, परक्या माणसापाशीं रमलें कीं नाहीं, याची दाद चलनशास्त्राच्या लेखांत लागत नाहीं, व लागावी अशी अपेक्षाहि नाहीं. चिठ्ठी तास मोजते. तासांत काय घडलें तें मोजीत नाहीं. त्यासाठीं दुसरे कागद पाहिजेत.

(१०) संग्राहकांस विनंति

इ. स. २०१० च्या सुमारास हें मंडळ पूर्वीपेक्षां पुष्कळ लहान, सुमारें वीस कुटुंबांचें, असें चालू होतें. त्याचें नांव जगभर झालें तें दृष्टांत म्हणून. सहा महिने कीं महिन्यांतून दोनदां, या वादाचा निकाल मंडळाच्या इतिवृत्ताच्या एका पानानें लागतो. आणि तसें पान जपण्याजोगें असतें ही जाणीव चालकांस क्वचितच असते.

आपल्याकडील गोष्ट याहून निराळी नाहीं. भिशीच्या वह्या, महिला मंडळांचीं इतिवृत्तें, पाळणाघरांच्या हजेऱ्या, सहकारी भांडारांचीं कुपनें, गिरणगांवांतील खाणावळींचे हिशेब, हे कागद घर बदलतांना प्रथम रद्दींत जातात. त्यांवर शिक्कामोर्तब नसतें, अक्षर वळणदार नसतें, आणि ते बहुधा बायकांच्या हातचे असतात. ज्यांच्या संग्रहीं मोडी रुमाल आहेत त्यांनीं अशा कागदांसहि एक रुमाल द्यावा. नियमपत्रिका मिळाल्यास तिच्या दुरुस्त्या तारखांसह ठेवाव्या. चिठ्ठी मिळाल्यास तिच्या दोन्ही बाजूंची नोंद करावी. हिशेबाची वही मिळाल्यास ती फोडून सुटीं पानें करूं नयेत. आणि मुलांचीं व घरांचीं नांवें असतील तीं त्या कुटुंबांच्या संमतीवांचून छापूं नयेत. पेशव्यांच्या ताळेबंदावरून राज्याची स्थिति कळते; शेजाऱ्यांनीं एकमेकांचीं मुलें कशीं सांभाळलीं तें या कागदांवरून कळेल.